पश्चिमेची भिंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मरोळच्या सिस्टरचं नाव घेतो. माझी आई शेजारी बसलेली असली तरी घेतो, आणि आईला ते चालतं.

सिस्टर हे त्यांचं नाव नव्हे. त्या मठातल्याही सिस्टर नव्हत्या. म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात त्यांनी नर्स म्हणून उभा जन्म काढला होता, आणि निवृत्त झाल्यावरही मरोळचं अख्खं गावठाण त्यांना त्याच नावाने हाक मारायचं. गावठाणातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर या जगात आलेली. एखादा मिशीवाला बाप्या फार शहाणपणा करायला लागला, की सिस्टर त्याला म्हणायच्या, "गप रे. तुला उलटा धरून रडवलाय मी." बाप्या गप व्हायचा.

रोज सकाळी चहाचा कप डाव्या हातात घेऊन त्या घराभोवती एक फेरी मारायच्या. पाच-सहा पावलांवर थांबायच्या आणि उजव्या हाताची मागची बाजू भिंतीला लावायच्या, आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तशी. "बरी आहे," असं स्वतःशीच म्हणून पुढे सरकायच्या. कधी म्हणायच्या, "आज जरा गार लागते हिला." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

"तळव्याने का बघत नाही?" मी एकदा विचारलं.

"तळवा कामाचा. त्याला ताप कळत नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तुला कॉलेजात काय शिकवलं रे?"

मला कॉलेजात वाणिज्य शिकवलं होतं. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मला स्टोअर कारकुनाची नोकरी लागली आणि पत्र्याची ट्रंक घेऊन मी खोली शोधत सिस्टरच्या ओट्यावर येऊन उभा राहिलो.

त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "दारू?"

"नाही."

"विडी?"

"नाही."

"खिळा?"

मला कळेना. "म्हणजे?"

"भिंतीत खिळा मारशील?"

"एखादा. कॅलेंडर लावायला."

"कॅलेंडर हातात धरून बघायचं. कबूल असेल तर ट्रंक आत आण."

ओट्यावरच्या त्या खोलीत मी सात वर्षं राहिलो. सात वर्षं माझं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं होतं.

घर पोर्तुगीजांच्या काळातलं, एवढंच सगळे सांगायचे. नक्की केव्हाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दगडमातीच्या दोन हात जाडीच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, वर सागाची माडी, नळीची कौलं. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या होत्या; त्यांतून दुपारचं ऊनसुद्धा दुधासारखं आत यायचं. दारात क्रूस, त्याच्यामागे विहीर. ओट्यावरच्या मोठ्या तुळईवर एक क्रूस आणि त्याच्या पुढे सालाचे आकडे कोरलेले होते, पण दर वर्षीच्या चुन्याच्या हाताने ते बुजून गेले होते. बोट फिरवलं तर काहीतरी लागायचं, वाचता यायचं नाही. मी उत्साहाने म्हणालो, "सिस्टर, जरा खरवडून बघू?"

"कशाला? लग्न जमवायचंय का तिचं? बाईचं नि घराचं वय विचारू नये."

पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. कारखान्याच्या कँटीनमधलं पाणी असावं. डोळे पिवळे झाले तरी मी कामाला जात होतो, कारण नवी नोकरी. सिस्टरनी एका सकाळी भिंतीवरून हात काढला आणि तसाच माझ्या कपाळाला लावला. "चल आत." त्या दिवसापासून दीड महिना मी त्यांच्या माजघरातल्या खाटेवर होतो. दर दोन तासांनी उसाचा रस, पेज, औषध. रस नको म्हटलं तर नाक दाबून पाजायच्या. डॉक्टर मला नंतर म्हणाले की आठवडाभर उशीर झाला असता तर अवघड होतं.

तार मिळाल्यावर आई आली. माळकरी बाई, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब आलेली, आणि आली ती थेट मासळीच्या घरात. ती दारातच थबकली. सिस्टरनी तिला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि एक पातेलं दाखवलं. "हे नवं आहे, बाय. तुमच्या पोराची पेज यातच होते. यात कधी मासा गेला नाही. येशूची शप्पथ."

आईने त्या पातेल्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. त्या रात्री सिस्टरनी तिला आपला पलंग दिला आणि स्वतः जमिनीवर चटई टाकून झोपल्या. गावी परत गेल्यावर आई प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य लिहवून घ्यायची : त्या बाईंचं काहीतरी कर.

ते वाक्य मी फार मनावर घेतलं. पुढे जे घडलं ते त्यातूनच घडलं.

घराचं खरं काम उन्हाळ्यात चालायचं. ईस्टर झाला की सिस्टर साडीचा ओचा खोचून माडीवर चढायच्या आणि कौलं परतायला घ्यायच्या. एकेक नळी उचलायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली परत बसवायची. मी शिडीवरून कौलं द्यायचो. खाली परसात एका खड्ड्यात चुना भिजत पडलेला असायचा. वसईकडून एक म्हातारे गवंडी यायचे. त्यांना सगळे गवंडीबाबा म्हणत. ते त्या चुन्यात गुळाचं पाणी आणि मेथीचं पाणी घालून दिवसच्या दिवस मळत बसायचे. पावसाचा मार पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा दर वर्षी थोडा गळायचा आणि दर वर्षी तिला नवा हात द्यावा लागायचा.

"गूळ आणि मेथी?" मला हसू आलं होतं. "हे तर बाळंतिणीचं खाणं."

"मग? बाळंतीण आणि भिंत, दोघींना सारखंच लागतं," सिस्टर म्हणाल्या. "फरक एवढाच, बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही आणि भिंतीचा वारा अडवायचा नाही."

गवंडीबाबा मान हलवून हसले. मीही हसलो. मला तो विनोद वाटला.

याच दिवसांत एका बिल्डरचा माणूस यायला लागला होता. सफारी सूट, पांढरे बूट, हातात मिठाईचा पुडा. घर सिस्टर आणि त्यांचा भाऊ अशा दोघांच्या नावावर होतं. भाऊ कॅनडात, तो केव्हाच तयार होता. अडलं होतं सिस्टरच्या सहीवर.

"सिस्टर, तीन मजले येतील इथे. तुम्हाला दोन बेडरूमचा फ्लॅट. लिफ्टसकट."

"तीन मजल्यांना लिफ्ट? पाय मोडलेत का लोकांचे? आलायस तर शिडी धर."

तो बिचारा अर्धा तास शिडी धरून उभा राहिला. बूट चुन्याने आणखी पांढरे झाले. निघताना त्याने पुन्हा विचारलं तेव्हा सिस्टर वरूनच म्हणाल्या, "हे घर उभं आहे तोवर माझी सही नाही. तुझ्या शेठला सांग आणि माझ्या भावालाही सांग. पडायचं तर त्याचं ते पडेल, मी नाही पाडणार."

माझ्या चौथ्या उन्हाळ्यात गवंडीबाबा आले नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती. सिस्टरनी आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं, पण चुन्याचं काम येणारा माणूस मिळेना. पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे निघाले होते, आतली माती दिसत होती, आणि पाऊस महिनाभरावर आलेला. तेवढ्यात गोराईला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे मुलीचं लग्न निघालं. सिस्टर आठ दिवसांसाठी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तिच्याकडे बघ हां."

बघ म्हणाल्या. कर म्हणाल्या नव्हत्या.

तुम्हाला आठवत असेल, त्या काळी सिमेंट मिळणं किती कठीण होतं. परमिट लागायचं, ओळख लागायची, वाट बघावी लागायची. आमच्या तालुक्याच्या गावात सिमेंटचं घर एकच होतं, साखर कारखान्याच्या संचालकाचं, आणि आम्ही पोरं शाळेतून येताना त्याच्या गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवत यायचो. कारखान्याच्या नव्या शेडसाठी आलेल्या कोट्यातली सहा पोती उरली होती. मी मालकांना भेटलो, सगळी हकिगत सांगितली. ते भले गृहस्थ. त्यांनी ती मला मूळ किमतीत दिली. शेडवरचे दोन गवंडी सुटीच्या दिवशी आले. मी स्वतः घमेली उचलली. चार दिवसांत पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत आरशासारखी झाली. मी इतका आनंदात होतो, की आईला लगेच पत्र टाकलं : तू म्हणत होतीस ते झालं.

सिस्टर आल्या त्या संध्याकाळी मी त्यांना डोळे मिटायला लावून परसात नेलं. त्यांनी डोळे उघडले. मग पुढे होऊन हाताची मागची बाजू भिंतीला लावली.

"गार आहे," म्हणाल्या.

"पाणी मारतोय ना दिवसातून तीनदा. पक्कं होतंय. आता पन्नास वर्षं बघायला नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांना सिमेंटने चिरा पडल्या होत्या. "हात बघू," म्हणून त्यांनी माझे हात उलटेपालटे केले, आत नेऊन खोबरेल चोळलं. "छान केलंस, पोरा," म्हणाल्या. एवढंच.

दिवाळीत आई आली तेव्हा सिस्टरनी तिला हाताला धरून परसात नेलं. "हे तुमच्या पोराने केलं, बाय. एकट्याने." आईने त्या भिंतीवरून हात फिरवला, अगदी आम्ही पोरं फिरवायचो तसा. त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस मरोळमध्ये नसेल.

पुढच्या पावसाळ्यात माजघराच्या आतल्या बाजूला ओल वर चढायला लागली. भिंतीवर मिठासारखी पांढरी बुरशी यायची. कोपऱ्यात रोज चिमूटभर लाल माती पडलेली असायची; सिस्टर ती झाडून घ्यायच्या. सकाळची फेरी चालूच होती, पण पश्चिमेला त्या जास्त वेळ थांबायच्या. "ताप उतरत नाही हिचा," एकदा म्हणाल्या. मी म्हणालो, "जुनी भिंत आहे हो. वय झालं." बाहेरून सिमेंटला दोन-तीन भेगा गेल्या होत्या. मी आणखी एक पोतं आणलं आणि त्या स्वतः बुजवल्या. चांगल्या दाबून बुजवल्या.

सिमेंट लावल्यापासूनच्या तिसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, एका दुपारी मी कारखान्यात असताना ती भिंत मधोमध फुगली आणि बसली. माजघराचा कोपरा, माडीचे दोन वासे आणि कौलांची एक ओळ बरोबर घेऊन गेली. सिस्टर विहिरीवर होत्या म्हणून वाचल्या. मी धावत आलो तेव्हा त्या पावसात उभ्या होत्या, हातात भरलेली बादली तशीच.

दोन दिवसांनी निरोप मिळून गवंडीबाबा आले. जाड भिंगाचा चष्मा लावून त्यांनी ढिगाऱ्यातून माझ्या सिमेंटचा एक मोठा पापुद्रा उचलला. फरशीसारखा अखंड होता. त्याच्या मागची माती त्यांनी मुठीत घेऊन दाबली. पाणी गळालं.

"ही भिंत पडली नाही, सिस्टर. ही आतल्या आत बुडली. पाणी आत गेलं, त्याला बाहेर यायला वाट नाही. चुना असता तर वाऱ्याने सुकली असती." ते ओट्यावर जमलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाले, "हे सिमेंट कुणी केलं?"

मी तोंड उघडलं होतं. मी बोलणार होतो, असं मला आजही वाटतं.

"मी सांगितलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्ही तर खिळा मारू देत नाही."

"मला वाटलं, करून बघावं. म्हातारी झाले, बाबा. दर वर्षी कुठे चुना मळत बसू?"

गवंडीबाबांनी हातातली माती खाली टाकली आणि विहिरीवर हात धुवायला गेले. शेजारी हळूहळू पांगले. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तोंड मिटून घेतलं. त्या घटकेला मला कळलं, की आठ दिवसांनी गोराईहून परत येऊन भिंतीला हात लावला त्याच संध्याकाळी त्यांना सगळं ठाऊक झालं होतं. सिमेंट ताजं होतं. दोन माणसं लावून सोलून काढता आलं असतं. पण माझे हात चिरले होते, मी आईला पत्र टाकलं होतं. मग दिवाळीत आई आली, आणि तिला भिंत दाखवल्यावर तर ते काढायचा रस्ताच उरला नाही.

वॉर्ड ऑफिसातून माणूस येऊन घर धोकादायक असल्याची नोटीस लावून गेला. सफारी सूटवाला आला, या वेळी मिठाई न घेता. सिस्टरनी चष्मा लावून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. पेन त्याला परत देताना म्हणाल्या, "बोलले होते ना? उभं आहे तोवर नाही."

फ्लॅट त्यांनी घेतला नाही. गोराईला बहिणीकडे गेल्या. मला विलेपार्ल्याला खोली मिळाली. घर पाडत होते त्या आठवड्यात मी रोज कामावरून सुटल्यावर तिथे जाऊन उभा राहायचो. तीन भिंती पाडायला त्यांना फार त्रास झाला. पहारीने निघत नव्हत्या.

त्यानंतर वर्षभर मी गोराईला गेलो नाही. कारखान्यातली कामं, आईचं आजारपण, अशी कारणं मी स्वतःलाच सांगायचो. शेवटी एक पत्र लिहिलं आणि त्यापाठोपाठ होडीने गेलो. सिस्टर अंगणात कोळंबी सोलत बसल्या होत्या. पत्र मिळालं होतं, हे मला त्यांच्या भाचीने नंतर सांगितलं. सिस्टरनी त्याचा विषय काढला नाही. हात धुतले, पुसले, आणि उजव्या हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली.

"ताप नाही," म्हणाल्या. "बस. जेवून जा."

माझ्यासाठी भात वेगळ्या पातेल्यात लावलेला होता.

पुढे तीन वर्षांनी त्या गेल्या. तिथल्या घराच्या भिंती सिमेंटच्या होत्या, आणि भाची सांगत होती, की मावशी सकाळचा चहा एका जागी बसून प्यायची.

स्टोअरमध्ये काम केल्यामुळे कुठल्याही कागदाची कार्बन प्रत ठेवायची मला सवय आहे. त्या पत्राचीही ठेवली होती. तीच खाली देतो.

ती. सिस्टर यांस,
सा. न.

पत्रास उशीर झाला. एक वर्षाचा झाला.

आई बरी आहे. तुमची चौकशी करते. भिंत पडली हे तिला अजून सांगितलेलं नाही. या दिवाळीला सांगणार आहे, सगळं सांगणार आहे. तिला वाईट वाटेल, पण तिने त्या भिंतीवरून हात फिरवला होता, म्हणून तिला कळायला हवं.

घर पाडलं तेव्हा मी तिथे होतो. सागाची लाकडं जुन्या बाजारवाल्याने नेली. ओट्यावरची तुळई खाली उतरवताना दोर सुटून ती आपटली आणि तिच्यावरचा सगळा चुना उडाला. आकडे स्वच्छ दिसायला लागले. मजूर मला म्हणाला, साहेब, वाचा, तुम्ही शिकलेले दिसता. मी तोंड फिरवलं. वाचले नाहीत. तुम्ही नको म्हणाला होतात. तुम्ही बोललेलं तेवढं एक तरी मी ऐकलं.

शिंपल्याच्या चार चकत्या मी मागून घेतल्या आहेत. येताना आणतो.

गवंडीबाबांनी विचारलं त्या दिवशी तुम्ही माझ्या आधी बोललात. तुमच्यानंतर मला बोलता आलं असतं. सगळे उभे होते, गवंडीबाबा उभे होते, घराच्या तीन भिंती उभ्या होत्या. मी बोललो नाही. आता तिथे ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

सिस्टर, ते सिमेंट मी लावलं. तुम्ही सांगितलं नव्हतं.

रविवारी पहिल्या होडीने येतो.

आपला,
ओट्यावरच्या खोलीतला